गल्लीतलं शेवटचं घर

सून पाण्याची मोटार लावते, त्या मोटारीची घुरघुर ऐकली की अजून मी हातातलं काम टाकून नळाकडे धावते. मंडी मोहल्ल्यातलं आमचं तेव्हाचं घर गल्लीत शेवटचं. पुढच्यांनी नळाला मोटारी लावल्या की आमच्याकडे थेंब येत नसे. आणि आमचे हे तर अंथरुणाला खिळलेले. सारख्या चादरी धुवायच्या, त्या कशानं?

म्हणून देवळात मीटिंग भरली. मी हात जोडून सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी राहणारे रामण्णा म्हणाले, "अय्यो शांताक्का, रडू नका हो! उद्यापासून कुणी मोटार लावली तर मी वायर कापतो."

"आधी स्वतःची कापा!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, मीही हसले. देवासमोर सगळ्यांनी कबूल केलं.

पहाटे मी नळाखाली घागर लावून बसले. बोटाएवढी धार आली. मग रामण्णांची मोटार घुरघुरली, मग पलीकडची, मग सगळी गल्लीच. धार बारीक होत होत तुटली.

मी कुणाला एक शब्द बोलले नाही. लोक म्हणत, अक्का फार सोशिक. मलाही तसंच वाटायचं. आता कळतं, सोशिक कसली हो! यांना उचलायला चार खांदे त्याच गल्लीतून यायचे होते.