मनकर्णाबाईंचा निव्वळ पाण्याचा उपास

मनकर्णाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं असं म्हणतो, पण खरं तर पाहिलं नाही. मध्ये साबुदाणा होता.

सिंदेवाहीच्या पुढच्या त्या गावात मी शाळेवर नवा रुजू झालो होतो आणि भैयाजींच्या घरची पुढची खोली भाड्यानं मिळते का ते विचारायला गेलो होतो. ओसरीवर एक परात होती. परातीत साबुदाण्याचा असा डोंगर, की सातबहिणीच्या डोंगरानं त्याला दादा म्हणावं. पायथ्याशी भगरीचं पठार, उताराला बटाट्याची भाजी, पलीकडे शेंगदाण्याच्या आमटीचा तलाव आणि तलावाच्या काठी उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग. डोंगरामागून एक हात वर आला, शिखर उचलून घेऊन गेला, आणि आवाज आला, "बसा गुरुजी. उठून चहा मांडला असता, पन आज मले उपास हाय. अंगात तरानच नाई."

यथावकाश डोंगर खचला आणि मागून बाईंचा चेहरा उगवला. थकलेला आणि पवित्र.

त्या गावात उपासाची सत्ता मनकर्णाबाईंकडे होती. कशाला काय चालतं याचा निकाल त्यांच्या ओसरीवर लागायचा. एखादी नवी सून विचारी, "टमाटर चालते का वो बाई?" बाई डोळे मिटत, वर जाऊन विचारून आल्यासारखं थांबत आणि सांगत, "लाल नाई चालत. हिरवं चालते." पुढे अपील नव्हतं. हरतालिकेला त्या पाण्याचा थेंबही न घेता जागत, तेव्हा तर बाया त्यांच्या पाया पडत. भैयाजींना गावात कोणी विचारत नसे, पण "उपासवाल्या बाईचे मालक" म्हणून त्यांनाही पारावर बसायला जागा मिळे.

मग त्या वर्षी धाकटी जाऊ ज्योत्स्ना दिवाळी करून माहेराहून, चंद्रपूरहून आली. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, मध्ये बांबूचा कूड. ज्योत्स्नानं येताक्षणी जाहीर केलं, की ती पाच दिवस फक्त पाणी पिऊन राहणार. फळ नाही, दूध नाही, चहासुद्धा नाही. मोबाईलवर पाहिलं होतं.

"कोन्या देवाचा हाय?" मनकर्णाबाईंनी कुडावरून विचारलं.

"देवाचा नाई बाई. शरीराचा हाय. आतून साफ होते म्हनतात."

"आतून साफ कराले आमी एरंडीचं तेल पेतो."

हे उत्तर उत्तम होतं, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं. बाया कुडाच्या पलीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी वाघापायी कोणी शेतात थांबत नाही, त्यामुळे सगळं गाव रिकामं आणि घरी. मनकर्णाबाई ओसरीवर बसून कोण कोण पलीकडे जातं ते पाहत राहिल्या. गुलाब गेली. सुकरी गेली. गुडघ्यापायी देवळातही न जाणारी म्हातारी इतवारी काठी टेकत टेकत, यांच्या दारासमोरून, यांच्याकडे न पाहता गेली. पलीकडून आवाज आला, "निव्वळ पान्यावर? बाप्पा! असा उपास तं कोनीच नाई केला!"

ते वाक्य बाईंना जिथं लागायचं तिथं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "गुरुजी, मीबी करून राह्यली. ते पाच दिवस, तं मी सात."

"बाई, झेपेल का?"

"तिले झेपते अन् मले नाई? तिची कंबर पाहा. सुतळी हाय. तिच्यात भूक ठेवाले जागा तरी हाय का?"

गावाला आता एकच गोष्ट पाहायची होती, कोणाचा उपास आधी सुटतो.

पहिली दुपार होईतो मनकर्णाबाईंना एक भयंकर शोध लागला. आजवर जे उपास केले त्यांत भूक अशी लागलीच नव्हती. हरतालिकेची एक रात्र सोडली, तर बाकीची सगळी जेवणंच होती. हा शोध त्यांनी कोणाला सांगितला नाही. त्याऐवजी त्यांनी चूल उचलून कुडाजवळ मांडली आणि पाटवडीचा रस्सा टाकला.

"उपास माहा हाय, घरच्याइचा नाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. वारा पलीकडे वाहत होता.

थोड्या वेळानं पलीकडून झिंगे भाजल्याचा वास आला. सुकलेल्या झिंग्यांची चटणी, वर लसूण. ज्योत्स्ना दिसते तितकी साधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी इकडून सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, गेली, तिकडून वडाभात आला. दोन उपाशी बाया घाम पुसत एकमेकींच्या नाकाशी लढत होत्या आणि दोघींचे नवरे जेवत होते. भैयाजी आणि धनराज हे सख्खे भाऊ बांधाच्या भांडणापायी वर्षभर बोलत नव्हते. आता कुडावरून वाट्यांची देवाणघेवाण सुरू झाली. "दादा, वडा पाहा." "तू रस्सा घे गा, लाजू नको." भाडेकरू म्हणून माझं ताट दोन्हीकडे होतं. उपासासारखं व्रत नाही, हे मला तेव्हा पटलं.

आरोग्य केंद्राची आशाताई दिव्या दोघींना तपासायला आली. चक्कर आली तर लगेच सोडा, असं तिनं दोघींना बजावलं. दोघींनी तिला एकच गोष्ट विचारली, "ते कशी दिसून राह्यली?"

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी कोंबडा कापायला लावला. रस्सा उकळायला लागला. बाईंचं सगळं लक्ष कुडाकडे; पलीकडे ज्योत्स्नाला वास गेला का, तिचा चेहरा उतरला का. आणि हात आपला आपलं काम करत होता. वर्षानुवर्षांची सवय. पळीतला थेंब तळहातावर पडला, तळहात तोंडाशी गेला, जीभ बाहेर आली.

कुडाच्या फटीतून आवाज आला, "मीठ बरोबर हाय का, बाई?"

बाईंनी तळहात पदराला पुसला. ज्योत्स्ना हसलीसुद्धा नाही. "जाऊ द्या. मी नाई सांगत कोनाले," म्हणाली आणि आत गेली.

थेंब गेला तिथं रस्सा गेला, आणि रस्सा कोरडा का जावा म्हणून भात गेला. त्या दिवशी भैयाजींना भांड्याच्या तळाची खरवड उरली. गावाला दाखवायला मात्र बाईंचा उपास पुरे सात दिवस चालला.

ज्योत्स्नानं पाच दिवस पुरे केले. डाळिंबाचा रस घेऊन तिनं उपास सोडला तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मनकर्णाबाई मात्र ओसरीवर दबा धरून बसल्या होत्या. आता ही बोलेल, मग मी बोलेन. पण ज्योत्स्ना बोलेना. उलट येता-जाता गोड हसे. बाई रोज वाळत चालल्या, पोटभर जेवूनही.

"गुरुजी," त्या एकदा मला म्हणाल्या, "उपास तिचा, कंबर तिची, अन् आता मोठं मनबी तिचंच? काऊन? तिनं गावभर सांगतलं असतं तं मी तिचा बाप काढला असता. आता काय काढू?"

ही उपकाराची भाकर त्यांच्या घशाखाली उतरेना. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेच्या, आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी वडे करायला सगळ्या बाया अंगणात जमल्या होत्या. मनकर्णाबाई उठल्या, पदर खोचला आणि ज्योत्स्नाचं मोठं मन एका फटक्यात हिसकावून घेतलं.

"आयका वो! मी तिसऱ्याच दिवशी रस्सा चाटला. भातबी खाल्ला. माह्या तोंडानं सांगून राह्यली."

गुलाबनं वडा थापून कढईत सोडला. "माहीत हाय ना, बाई. ज्योत्स्नानं त्याच दिवशी सांगतलं. तुमाले वाईट वाटन म्हून आमी बोललो नाई."

बाई खचल्या असतील असं तुम्हाला वाटेल. छे! इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रक्त आलं. त्या तडक ज्योत्स्नाकडे वळल्या आणि तिचा बाप, आजा, चंद्रपूर शहर, मोबाईल असं सगळं काढलं. वडे जळेपर्यंत काढलं.

तेव्हापासून उपासाचं काही विचारायचं असलं, की गावातल्या बाया ज्योत्स्नाकडे जातात.