बाळ दाखवणारी मावशी

प्रसूतीच्या रुग्णालयात तिला सगळेच मावशी म्हणायचे. काम आयाचं. फरशी पुसायची, बेडपॅन द्यायचं, बाळंतिणीला कूस बदलायला हात द्यायचा. आणि एक काम असं, की त्याचा कुणी उच्चारही करत नसे. बाळ मेलेलं जन्मलं, की ते पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मागच्या जिन्याने तळघरातल्या खोलीत पोचवायचं. आईला दाखवायचं नाही. पडदा ओढायचा, झोपेचं इंजेक्शन द्यायचं, जाग आली की म्हणायचं, "विसरून जा, दुसरं होईल." यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. एकदा पाहिलं की मनातून जात नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. मावशीचीही होती.

ही समजूत ढिली केली असंच बाळ गेलेल्या एका शिक्षिकेने. घरी गेल्यावर महिन्याने बाई परत आली आणि व्हरांड्यात मावशीला गाठून तिने विचारलं, "केस होते का हो त्याला?"

"होते की. काळेभोर."

पुढच्या महिन्यात पुन्हा. हनुवटी कशी होती, बोटं लांब होती का? दर महिन्याला एखादा प्रश्न घेऊन यायची. मावशीला एवढं कुठलं आठवायला! बाईचा चेहरा बघवेना म्हणून ती मनचंच सांगू लागली. एकदा म्हणाली, "हनुवटीला खळी होती."

"मागे तुम्ही खळी नव्हती म्हणालात," बाई हळूच म्हणाली. मग ती कधीच आली नाही.

मावशीच्या जिवाला ते लागून राहिलं. धीर करून ती मोठ्या सिस्टरांकडे गेली. "सिस्टर, एकदा हातात द्यावं त्यांच्या. पाचच मिनिटं."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "मेलेलं मूल? आईच्या हातात? मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

बातमी वॉर्डभर झाली. बरोबरच्या आया तिच्या हातचा चहा घेईनाशा झाल्या. "मढं कुशीत द्यायला निघालीय," म्हणायच्या, तिला ऐकू जाईल इतपत हळू. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही ते बोलताना अंगावर काटा आला होता.

तरी तिने ते केलं. एका सकाळी बुकबाइंडरच्या बायकोला मुलगी झाली, श्वास न घेतलेली. सिस्टर राउंडला गेलेल्या. इंजेक्शन यायच्या आत मावशी पडद्याआड शिरली आणि म्हणाली, "बघायचंय का?" बाईने नुसते हात पुढे केले. मुलीला घेऊन बाईने फडकं उघडलं, पायाची बोटं एकेक करून दाबून पाहिली, कानात काहीतरी सांगितलं. मग स्वतःच नीट गुंडाळून परत दिलं. "थंडी लागेल हो तिला, सांभाळून न्या." रडत होती, पण शुद्धीत होती.

तेवढ्यात नवरा आत आला आणि किंचाळला. तक्रार झाली. चौकशीत बुकबाइंडरच्या बायकोला कुणी काही विचारलंच नाही. मावशीला वॉर्डातून काढून तळघरातल्या धुलाईखान्यात टाकलं.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने सोसलं असतं. पण तिच्या स्वतःच्या लग्न झालेल्या मुलीला दिवस गेले होते, आणि तिच्या सासरीही ही गोष्ट पोचली. मुलगी दारातच म्हणाली, "आई, माझ्या बाळंतपणाला तू येऊ नकोस. सगळ्यांना कसंतरी वाटतं. मलाही."

मावशी गेली नाही. बाळंतपण दुसऱ्या रुग्णालयात झालं. तीन आठवड्यांनी जावयाने कळवलं, मुलगा होता, जन्मतःच गेलेला. मावशी धावत गेली तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "मला दाखवला नाही गं. तू असतीस तर..." आणि मग जी थांबली ती थांबलीच. पुढे दोघी बोलायच्या, पण दुधाचं, औषधाचं, पावसापाण्याचं.

धुलाईखान्यात मावशीने अकरा वर्षं काढली. कुठली चादर कुठल्या बाईची, हे तिला वरून न सांगता कळायचं. ज्या बाळंतपणाच्या कपड्यांत बाळाचं दुपटं नसे, ते गाठोडं ती वेगळं धुवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, शिकून, अभ्यास करून. गेलेलं बाळ पाहायला मिळालेल्या बायका लवकर सावरतात, याचे आकडे त्यांनी मोठ्या साहेबांना दाखवले, आणि दुसऱ्या मजल्यावर 'निरोपाची खोली' झाली. मंद दिवा, दोन खुर्च्या, पावलांचे ठसे घ्यायला जाड कागद. उद्घाटनाला निवृत्त झालेल्या मोठ्या सिस्टर पहिल्या रांगेत होत्या. "आईच्या मनाचा विचार या संस्थेने नेहमीच केला," असं त्या बोलल्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. टाळ्या पडल्या. खुर्च्यांची धुतलेली कव्हरं घेऊन मावशी दाराशी उभी होती. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "वा, छान इस्त्री केलीत हो मावशी."

श्रेय मिळालं नाही म्हणून तिला काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर मधल्या अकरा वर्षांतल्या बायका आल्या, आणि त्याआधी तिने स्वतः जिना उतरून नेलेली बाळं. प्रत्येक आईला एक खुर्ची आणि पाच मिनिटंच लागली असती. खुर्च्यांना कव्हरं घालून ती खाली आली.

संध्याकाळी ती मुलीकडे गेली. मुलगी भाजी निवडत होती. मावशीने खोलीचं सगळं सांगितलं. मुलीचे हात थांबले नाहीत.

"खुर्च्या किती म्हणालीस?"

"दोन."

"म्हणजे यांनाही बसता आलं असतं."

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलीने तो झटकला नाही, पण त्या हाताखाली तिचं अंग लाकडासारखं झालं. थोड्या वेळाने मावशीने हात काढून घेतला, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.