खंडेनवमीला मिटलेला लॅपटॉप

आमचं शहर गुजराती मुलखातलं. तिथल्या अलकापुरी भागातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीतून फोन आला, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन या. सगळं इन्स्टॉल करून आणा. इथे बसून प्रोग्रॅमचा एक स्क्रीन बनवायला देऊ." माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि शेवटचं सत्र एखाद्या कंपनीत काम करून काढावं लागे. वर्गातल्या बहुतेकांची सोय कुणा काकांनी, कुणा मामांनी लावली होती. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. बाबा बाजव्याकडच्या एका कारखान्यात फिटर होते. मला आधी दोन ठिकाणी नकार मिळाला होता. हीही जागा गेली तर वर्ष वाया जाणार, हे मी घरी अजून बोलले नव्हते.

'सगळं' म्हणजे नेमकं काय, हे फोनवर विचारायचा मला धीर झाला नाही. कॉलेजात आम्ही जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो ती नोटपॅडमध्ये. एक फाइल लिहायची, ब्राउझरमध्ये उघडायची, की बटण दिसायचं. नेटवरच्या सूचना वाचल्यावर समजलं की आता तसं कुणी करत नाही. आधी नोड नावाचं सॉफ्टवेअर घालायचं, मग एक आज्ञा द्यायची. ती आज्ञा जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेले छोटे छोटे तुकडे उतरवून घेते आणि एका फोल्डरमध्ये रचते. त्यानंतर आपलं बटण.

नवमीच्या सकाळी निजामपुऱ्यातल्या घरी मी नेटचा डोंगल लावला आणि ती आज्ञा दिली. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत नावं सरकू लागली. काय उतरतंय म्हणून मी फोल्डर उघडलं. एका तुकड्याला दुसरा लागत होता, दुसऱ्याला आणखी कुठले तरी. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. हजारो फाइली. मी अजून स्वतःची एक ओळही लिहिली नव्हती. मला खरोखर वाटलं, लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलाय.

"अगं, आंघोळ कर आधी. पूजा खोळंबलीय," आईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

डोंगलचा वेग पाहता काम दुपारपर्यंत चालणार होतं, म्हणून मी तसंच सोडून गेले. न्हाऊन बाहेर आले तर लॅपटॉप टेबलावर नव्हता. तो पाटावर होता, मिटलेला. शेजारी बाबांचे नट आवळायचे पाने, हातोडी, आईची कात्री. लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं आणि मधोमध झेंडूचं टपोरं फूल.

"बाबा, तो चालू होता!"

"हो, दिवा लुकलुकत होता की. मी नीट हळूच मिटला."

"त्यात काम चाललं होतं."

"आज कसलं काम? माझे पाने बसलेत ना गप? कात्री बसलीय ना? तुझाच एकटा फार कामाचा!"

आई म्हणाली, "बघ तरी, सगळ्यात मोठं फूल तुझ्या मशीनला दिलंय. माझ्या कात्रीला नुसती पाकळी."

आमच्याकडे खंडेनवमीला पूजेत मांडलेली हत्यारं दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत. तो एक दिवस त्यांचा. माझ्या लॅपटॉपला बाबांनी पहिल्यांदाच त्यांच्या पान्यांच्या ओळीत बसवलं होतं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि उतरवणं अर्ध्यावर तुटतं, हे मला माहीत होतं. पण बाबांचा चेहरा पाहून मी उदबत्ती लावायला घेतली. संध्याकाळी मैत्रिणी गरब्याला बोलवायला आल्या, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

दसऱ्याला पूजा झाल्याबरोबर मी फूल बाजूला केलं आणि झाकण उघडलं. काळी खिडकी जिथे होती तिथेच थांबलेली. पुन्हा आज्ञा दिली, तर सगळं ठीक आहे म्हणाली. प्रोजेक्ट चालू केला, तर लाल अक्षरांची रांग. कुठला तरी तुकडा अर्धाच उतरला होता. अख्खं फोल्डर काढून टाकावं म्हटलं, तर विंडोज म्हणे नाव फार लांब आहे, काढता येत नाही. माझ्याच मशीनमध्ये मीच आणलेलं, आणि मलाच काढता येईना! मग मी एकेक फाइल उघडून अर्धा तुकडा शोधत बसले. सोनं द्यायला आलेल्या शेजारणीकडे मी धड पाहिलंही नाही. अंधार पडेपर्यंत तो सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी अलकापुरीतल्या त्या ऑफिसात जिना चढतानाच मी वाक्य जुळवत होते. माझी परीक्षा घेणाऱ्या बाईंना सगळे गुजरातीत बेन म्हणत; त्या माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी लाल अक्षरं पाहिली.

"शुं थयुं?" म्हणजे, काय झालं?

मी अडखळत सांगितलं. पूजा, फूल, अर्धा तुकडा. काल दिवसभर फाइली वाचून शोधला, हेही सांगितलं.

"वाचल्या? आतल्या?" त्या मागे वळून ओरडल्या, "अरे सांभळो, आ छोकरी अंदरनी फाइलो वांचीने आवी छे!" ऐका, ही मुलगी आतल्या फाइली वाचून आलीय! दोन-तीन जण खुर्च्या फिरवून बघायला लागले. एकाने विचारलं, "पूरी करी के हजु बाकी छे?" म्हणजे, संपवल्या की अजून उरल्यात? वाटलं, संपलं.

बेननी माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला, त्यांचं नेट जोडलं, त्यांच्याकडची कुठलीशी आज्ञा टाइप केली, आणि ते फोल्डर गेलं. अख्खं. मी "अहो!" म्हणून उभीच राहिले. चहा येईपर्यंत सगळं नव्याने उतरलं होतं. लाल अक्षरं नव्हती.

"पण बिघडलं काय होतं?" मी विचारलं.

"कोने खबर? आम्ही तर आठवड्यातून एकदा असंच करतो. चल, आता स्क्रीन कर."

नावांची एक यादी होती आणि वर एक चौकट. चौकटीत अक्षर टाकलं की यादी कमी व्हायला हवी. ते मला येत होतं. दुपारी यादी कमी झाली तेव्हा बेन म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं सांगितलं, दोन नकारांसकट. बाबांनी नकारांबद्दल काही विचारलं नाही.

"बिघाड कशात निघाला?" ते म्हणाले.

"माहीत नाही. बेननी सगळं काढून टाकलं आणि नवं घातलं."

"उघडून बघितलं नाही?" कारखान्यात बिघाड सापडल्याशिवाय बाबा कुठलंच मशीन परत जोडत नसत.

"नाही."

बाबांचा हात ताटावरच थांबला. "आणि काम चालू?"

"चालू."

"आणि तुला घेतलं?"

"घेतलं, बाबा."

ते आईकडे बघत राहिले. आईने त्यांच्या ताटात भात वाढला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.