कोंबड्याच्या गळ्यापर्यंत

ओदील शापुईच्या पाककृतींच्या पुस्तकात ग्रॅम नव्हते, पेले होते. दूध दोन पेले, मैदा अर्धा पेला. फ्रान्सच्या ब्रेस भागात पेला म्हणजे मोहरीची चटणी ज्यातून विकत यायची तो. चटणी संपली की तो विसळून फडताळात जायचा. तिच्या पेल्यांवर लाल कोंबडा रंगवलेला होता. चौतीस वर्षं तिने खाणावळ चालवली, मधल्या एका हिवाळ्यात पुस्तक लिहिलं आणि वाचणाऱ्याचा पेला वेगळा असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

आता, तिच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लियाँच्या प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची होती. त्यांना वजनं हवी होती आणि कलेजीचा खारा केक वगळायचा होता. "तीनदा केला, बाई. तिन्ही वेळा पाणी सुटलं," संपादक मुलगी फोनवर म्हणाली.

त्याच केकसाठी दर सोमवारी कोंबडीबाजार उरकून माणसं तिच्या दारात उभी राहायची. सकाळी तिची मदतनीस फेर्नांद कलेजी वाटून दुधात कालवायची, ओदील टोमॅटोचा रस्सा ढवळायची, खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या व्हायच्या. तो केक नसलेलं पुस्तक तिला नको होतं. कोंबड्याचे पेले खाणावळीबरोबर विकले गेले होते. तिने अंदाजाने करून पाहिला. तिच्याही केकला पाणी सुटलं.

फेर्नांद तिच्याकडे बावीस वर्षं राबली होती. आता नदीपलीकडे राहायची. पुस्तक निघाल्यावर तिने काम सोडलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं नववर्षाच्या कार्डापुरतं उरलं होतं. ओदील तराजू आणि कलेजी घेऊन तिच्या दारात गेली.

"बाई! इकडे कशा? कोण गेलं?"

"कोंबड्याचा पेला आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे की. दात ठेवते त्यात."

"काढ."

"दात की पेला?"

फेर्नांदने कवळी तोंडात बसवली आणि पेला उकळत्या पाण्यात घालून आणला. ओदीलने तो दुधाने काठोकाठ भरला.

"हे काय?"

"एक पेला."

"असा कधी भरला मी? अर्धं दूध वाटेत सांडलं असतं. फरशी कोण पुसणार होतं, तुम्ही? कोंबड्याच्या गळ्यापर्यंत भरायचे."

ओदीलने पेला खाली ठेवला. "मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? तुम्ही माडीवर बसून लिहीत होतात. मी खाली कांदे चिरत होते."

"लोकांची पत्रं यायची, पाणी सुटतं म्हणून. मी प्रत्येकाला कळवलं, तुमची भट्टी बिघडलीय."

फेर्नांद कवळी निसटेपर्यंत हसली. "तुमचं नेहमीचंच! रश्शात माशी निघाली तरी ती गिऱ्हाइकाने घरून आणलेली असायची."

गळ्यापर्यंतचे दोन पेले दूध तराजूवर तोलून दोघींनी केक केला. ओट्याच्या डाव्या अंगाला फेर्नांद, उजव्या अंगाला ओदील, न ठरवता. पाण्याच्या परातीत ठेवलेला साचा भट्टीत तासभर राहिला. मग ओदीलने तो थाळीत उलटा केला आणि दोघी वाकून बघत राहिल्या. थाळी कोरडी होती.

ओदीलने वही उघडून बराच वेळ लिहिलं.

"वाचा बघू."

"'दूध तीनशेवीस ग्रॅम. हे माप फेर्नांद जाने हिचं. पहिल्या आवृत्तीतलं माझं, आणि ते चूक होतं.'"

फेर्नांदने एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "ते मात्र तुमच्याच नावावर राहू द्या."