कंत्राटदाराचं स्थळ

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी रिक्षा फाटकाबाहेरच थांबली. आत येणार कशी? फाटकापासून दारापर्यंत नुसता मुरूम, त्यातनं डोकी वर काढलेले दगड, आणि गटारावर एक शहाबादी फरशी टाकलेली, तीही डुगडुगणारी. घर बांधलं तेव्हा "एवढं मागनं करू" म्हणून राहिलं ते राहिलंच. शेवटी शेजारच्या चौघांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि उचलून रिक्षापर्यंत नेलं. दवाखान्यातनं घरी आणलं तेही तसंच, त्याच खुर्चीतनं, त्याच चौघांनी.

जीभ जरा वळायला लागल्यावर हे म्हणाले, "चौघांनी उचलून न्यायची वेळ माणसावर एकदाच येती. माझ्यावर दोनदा आली. आता बास."

"काय अभद्र बोलताय सकाळी सकाळी!" मी ओरडले. पण त्यांनी जे ठरवलं ते ठरवलं. डॉक्टरांनी रोज व्यायामाच्या दवाखान्यात यायला सांगितलं होतं. हे पहिले काही महिनेच पायाचे, असं बजावून सांगितलं होतं. आत्ता पाय हलवला तर हलेल, नंतर लाकूड होईल. आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. वॉकर घेऊन घरात चार पावलं टाकायचे, पण बाहेर मुरमात वॉकरचे पाय रुतायचे. आणि खुर्चीत बसा म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे. मला कधी राग यायचा, कधी रडू यायचं, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच यायचं.

तेव्हा मी ठरवलं, काँक्रीटचा चांगला रस्ता करून घ्यायचा. गटारावरनं थेट दारापर्यंत, पायऱ्यांच्या जागी उतार, रिक्षा ओट्याला लागली पाहिजे. आणि पावसाच्या आत झालं पाहिजे.

ठरवायला काय जातंय? काम द्यायचं कुणाला? माझ्या भावाचा मेहुणा बांधकामाची कंत्राटं घेतो. बातमी त्याच्यापर्यंत पोचली आणि तो माप घ्यायला दारात हजर. दुसरा एक आला तो गुळगुळीत बोलणारा. मोबाईलवर एकाहून एक फोटो दाखवत होता, रंगीत ब्लॉक, कडेला दिवे, मधे कमळाची नक्षी. मी तर हुरळूनच गेले. तिसरं नाव शेजाऱ्यांनी सुचवलं, एका मुसलमान मिस्त्रीचं. तो आला, फाटकाशी उकिडवा बसून गटार बघितलं, "रस्ता वर हाय, घर खाली हाय, पाणी कुठं काढायचं ते बघाय लागंल," एवढं बोलला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही. मला काही तो आवडला नाही.

"फोटोवाल्याला देऊया," मी ह्यांना म्हटलं.

हे भिंतीकडनं वळले. दवाखान्यातनं आल्यापासनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यात जरा धार दिसली. "चौकशी केलीस?"

आता हे सांगायला पाहिजे की आमचे हे म्हणजे अख्ख्या भावकीचे चौकशीवाले. कुणाच्या पोरीला स्थळ आलं की आधी ह्यांना धाडायचे. पोराच्या गावात उतरायचं, त्याच्या घरी जायचंच नाही. न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसायचं, पानपट्टीवर उभं राहायचं, डेअरीवर दूध घालायला आलेल्यांशी गप्पा मारायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन हो किंवा नाही सांगायचं. आमची लेक वारणानगरला दिली तीही अशीच चौकशी करून. ह्यांचा होकार कधी चुकला नाही.

"कंत्राटदाराचं काय लग्न लावायचंय?" मी म्हटलं.

"लग्न परवडलं. पोरगं वाईट निघालं तर पोरगी माघारी आणता येती. काँक्रीट माघारी घेतंय व्हय कोण?"

मग काय, कॉटवर हे आणि चौकशीला मी! मला सगळं पढवून झालं. घरमालकाला विचारायचं नाही, तो पैसे घालून बसलेला असतो, फसलो म्हणून कधी सांगत नाही. शेजाऱ्याला विचारायचं. नवं काम बघायचं नाही, पावसाळे खाल्लेलं बघायचं. आणि तोंड गप ठेवायचं. हे शेवटचं मला कसं जमणार?

फोटोवाल्याची कामं बघायला गेले. दिसायला एकदम झकास. पण बघावं तिथं काम ताजं, कुठं सिमेंटवर ओली पोतीसुद्धा तशीच. शेजारी म्हणाले, लई चांगला माणूस. सगळेच म्हणाले. घरी येऊन मी सांगितलं, एकही माणूस वाईट बोलला नाही.

"त्याचीच भीती वाटती," हे म्हणाले. "अजून कुणाचं बिघडलंच न्हाय, तर हा कसा हाय ते कळणार कधी? आनंदात सगळीच गोड असत्यात. पोरगं बघायचं ते भांडण झाल्यावर कसं वागतंय ते."

भावाच्या मेहुण्याची तर त्यांनी चौकशीच करू दिली नाही. "पावण्याला काम दिलं की त्याला बोलायची सोय न्हाय. बोललीस तर भाऊ तुटतोय, न बोललीस तर रस्ता." मी भावाला तसं कळवलं. भाऊ फुगला तो फुगलाच.

राहिला मिस्त्री. त्याचं जुनं काम कबनूरला आहे असं कळलं, एका यंत्रमागाच्या शेडपुढं. गेले. आत मागांचा असा खडखडाट की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. दारात त्या घरातल्या म्हाताऱ्या चाची बसलेल्या. मी मिस्त्रीचं नाव घेतलं मात्र, बाई उसळल्याच.

"नाव नका काढू त्या बाबाचं!" त्या मागांच्या वरताण ओरडल्या. "सुताचा टेम्पो वर चढला आन् रस्ता मधनं असा तडकला, असा! आमचं काम थांबलं. मी त्याला फोनवर अशा शिव्या हासडल्या की त्याच्या सात पिढ्या उठून बसल्या असतील!"

मी मनात म्हटलं, झालं, हेही स्थळ गेलं. उठणार होते. पण ह्यांचं आठवलं, आणि ओरडूनच विचारलं, "मग पुढं?"

"पुढं काय? दुसऱ्या दिवशी पहार घिऊन दारात! सगळं उखडलं, पदरचं सिमेंट घालून परत केलं. बघा की, हे काय!"

बघितलं. त्यावरनं भरलेले टेम्पो जातात येतात, आणि एक चीर नाही.

"म्हंजे माणूस चांगला की," मी म्हटलं.

"चांगला कसला! अजून दिसला की शिव्या घालते मी त्याला. बसतो, चहा पितो, ऐकून घेतो आन् जातो."

मी घरी येऊन जशीच्या तशी नक्कल करून दाखवली. हे हसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी हसले. "बोलव त्याला," म्हणाले. "सोयरीक जमली."

काम झालं. पाणी मारून मारून माझे हात गेले. मग तो दिवस आला. आधी वॉकर घेऊन फाटकापर्यंत जाऊन बघायचं आणि मग रिक्षा बोलवायची असं ह्यांचं म्हणणं. उतारावरनं छान गेले. आणि ऐन फाटकाशी, जिथं आपलं काँक्रीट संपतं आणि रस्ता लागतो, तिथं दोन बोटांचा उंबरा राहिलेला. वॉकर अडला. हे पुढं झोकांडले. मी धरलं म्हणून बरं. रस्त्यावर त्या चौघांतले दोघं होते, ते धावत आले. हे त्यांच्याकडे न बघता माघारी फिरले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

मी मिस्त्रीला फोन लावला आणि काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. "उद्या येतो," तो म्हणाला. उद्या आला नाही. फोन उचलेना. भावाचा मात्र आला: "आपला माणूस नको झाला नव्हं? बस आता." माझ्या अंगाची लाही लाही झाली. रात्री मी ह्यांना म्हटलं, "तुमची चौकशी यावेळी फसली." त्यांनी चादर डोक्यावरनं ओढून घेतली. तेच मला सहन होईना.

तिसऱ्या दिवशी फाटक वाजलं. मिस्त्री, हातात पहार, डोक्यावर घमेलं. मी तोंड सोडलं. तो ओट्यावर बसून सगळं ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "वारणानगरला स्लॅब हुता, वैनी. चालू स्लॅब सोडता येत न्हाय. फोन पाण्यात पडला. व्हय, उंबरा माझी चूक हाय." आणि उठून फोडायला लागला. पहारेचा पहिला ठोका ऐकून आतनं ह्यांची हाक आली, "अगं, त्याला चहा दे!"

काँक्रीट सुकलं आणि रिक्षा ओट्याला लागली. हे वॉकर टेकत चढले, कुणाचा हात न धरता. त्या दिवसापासनं रोज व्यायामाला जायला लागले.

पावसाळा सरला. दिवाळीच्या आधी एकदा सकाळी हे म्हणाले, "कोपऱ्यावर चहा पिऊन येतो. तू यायचं न्हाय." गेले. मी फाटकाशी उभी राहिले, मग आत गेले, मग पुन्हा फाटकाशी. कोपरा तो कितीसा लांब, पण ह्यांचा पत्ता नाही. पडले असतील का? कुणी उचललं असेल का? पुन्हा चौघं खुर्ची घेऊन येताना दिसतात की काय म्हणून मला रस्त्याकडे बघवेना.

वॉकरचा आवाज आला. टक, टक. एकटेच होते. शर्टावर चहा सांडलेला. उंबरा होता त्या जागेवरनं सरळ आत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"आलो का न्हाय माघारी?" ते म्हणाले. "घाल आता शिव्या."

आणि मी घातल्या. रडत रडत, साऱ्या गल्लीला ऐकू जातील अशा. ते उन्हात उभे राहून सगळ्या ऐकत होते.