हातपंपवाले रहीमभाऊ

रहीमभाऊ बोअरजवळ आले की आधी चपला काढत आणि लोखंडी पाइपाला कान लावून बसत. अहेरीला संस्थेच्या कामावर मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांना तसं बघितलं. मी काही विचारणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पानी हाय बाई खाली. वायसर गेलं फक्त."

जंगलातल्या गावांचे हातपंप दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कोणी दांडा जोरात आपटला तरी ते रागावत नसत. "हळू वो माय, त्याले बी सांधे हायेत," एवढंच म्हणत.

आमच्या संस्थेने आतल्या एका गावात सौरपंप बसवायचं ठरवलं. गावात चांगल्या पाण्याची एकच बोअर होती, तिच्यावर हातपंप. सौरपंप त्याच बोअरमध्ये उतरवायचा म्हणजे हातपंप काढणं आलं. रहीमभाऊ म्हणाले, "काढून राह्यले तं काढा, पन आधी दुसरी बोर मारा. हे बंद पडलं तं लोक कुठी जातीन?" मी वरिष्ठांना विचारलं. देणगीदारांच्या मंजुरीत दुसरी बोअर नव्हती. रहीमभाऊंनी मग स्वतःच हातपंप उतरवला, सळ्यांना ग्रीस लावलं आणि गोणपाटात गुंडाळून सगळं शाळेत ठेवलं.

दोन वर्षं नळाला पाणी आलं. गाव खूश होतं, आम्हीही. तिसऱ्या पावसाळ्यात वीज पडली आणि पंप चालवणारा डबा जळला. प्रकल्पाची मुदत संपलेली, डबा पुरवणाऱ्या कंपनीचा फोन लागेना. रहीमभाऊंनी झाकण उघडून पाहिलं. आत सगळं ओतीव, घट्ट बंद.

"हात घालाले जागाच नाई ठेवली," ते म्हणाले. "मी सौरपंप वर काढतो, जुना हातपंप लावून देतो. एका दिवसाचं काम हाय."

पण यंत्रणेला लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा नियम होता. मी वरिष्ठांना पत्र पाठवलं. मग आणखी एक. इकडे बायका नाल्याचं गढूळ पाणी भरू लागल्या. रहीमभाऊ रोज ऑफिसच्या दारातूनच विचारत, "आलं का वो बाई?" मी नकारार्थी मान हलवत असे.

गावातली लच्छी नावाची चार वर्षांची मुलगी हगवणीने गेली. दुसऱ्या दिवशी रहीमभाऊ तिथे पोचले, चार माणसं हाताशी घेऊन सौरपंप ओढून काढला आणि हातपंप बसवला.

वरून विचारणा झाली. अहवाल मलाच लिहायचा होता. "तुमचं नाव घालत नाही," मी त्यांना म्हटलं.

"काऊन? मीच काढला. नाव टाका. पन तारीख बी टाका. लच्छी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काढला. आधीच काढाले पाह्यजे होता."

मी दोन्ही तारखा लिहिल्या. उत्तर आलं: सदर मेकॅनिकला यापुढे काम देऊ नये. खाली माझी सही हवी होती. नोकरी सोडायचं धाडस मला झालं नाही. सही केली आणि त्यांना कागद वाचून दाखवला.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "लच्छीचं काई लिवलं हाय का त्यात?"

"नाही."

ते उठले. त्यानंतर ते आमच्या ऑफिसात कधी आले नाहीत.