फ्रान्सहून आलेली जाऊ

शहागंजच्या चमन बागेजवळ रत्नमाला भाभींचं मॅचिंग सेंटर आहे. त्या दुकानाच्या ओट्यावर सोळा वर्षांपासून माझं पिको-फॉलचं मशीन आहे. मी नौशीन. भाभी आत ब्लाउजपीस फाडतात, मी बाहेर साडीला फॉल लावते आणि दिवसभर आमच्या दोघींच्या गप्पा चालू असतात. म्हणून हे सगळं मला माहीत आहे. बरंचसं मी पाहिलं, उरलेलं भाभींनीच मला सांगितलं.

भाभींची नजर मोठी तेज. एखादी बाई नुसती म्हणाली, "साडी पिवळी आहे, पण लिंबासारखी नाही, जरा जुनी पिवळी," की भाभी साडी न बघता नेमकं कापडाचं थान ओढून काढणार. त्यांच्या सासरच्या गोतावळ्यात लग्न ठरलं की हॉलच्या आधी भाभींना फोन. नवरीच्या आईनं काय नेसायचं, करवलीच्या ब्लाउजला कुठली किनार, सगळं भाभी ठरवायच्या. स्वतः त्या भरजरी नेसायच्या, गळ्यात तीन पदरांचा हार आणि हातात कोपरापर्यंत बांगड्या. लग्नात त्या दारातून आत आल्या की बायका सरकून जागा करायच्या. भाभींना याची सवय झाली होती. कुणालाही झाली असती.

मग गेल्या वर्षी, गौरी उठल्यावर आठ दिवसांनी, त्यांची धाकटी जाऊ मंजुषा फ्रान्सहून परत आली. तिचा नवरा विश्वजीत वाळूजच्या एका कंपनीत इंजिनियर. कंपनीनं त्याला तीन वर्षं लिओं शहरात पाठवलं होतं. आल्यावर दोघांनी छावणी भागात भाड्यानं घर घेतलं.

मंजुषा पहिल्यांदा दुकानात आली तो दिवस मला आठवतो. पांढरा सुती सदरा, गडद निळी पँट, पायात साध्या सपाट चपला. अंगावर सोनं म्हणाल तर कानात टिकलीएवढं. पण सदरा खांद्यावर असा बसला होता की मी मशीन थांबवून शिवण बघितली. गळ्यात हिमरूच्या विणकामाची एक पट्टी बांधलेली, गाठ एका बाजूला.

ती गेल्यावर भाभी म्हणाल्या, "ती पट्टी ओळखलीस? तिच्या लग्नात मीच दिली होती. तेव्हा तोंड वाकडं केलं होतं बाईनं. आता कशी मिरवते!"

"छान दिसत होती पण," मी म्हणाले.

भाभींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा मशीनवर पाय ठेवला.

दिवाळीनंतर घरात एक साखरपुडा झाला. भाभींनी डाळिंबी पैठणी नेसली होती. मंजुषा काळ्या सुती साडीत आली, बिनकाठाची, ब्लाउजही काळाच. केसात एकच पांढरं शेवंतीचं फूल. साखरपुड्याला काळं! भाभींना वाटलं, आता बायका हिला फाडून खातील. झालं उलटंच. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. ब्लाउज कुणी शिवला, लिपस्टिक कुठली, तिकडच्या बायका खरंच इतकं साधं राहतात का? मंजुषा सांगत होती की तिथल्या बायका थोडेच कपडे घेतात, पण अंगाला बसवून घेतात आणि वर्षानुवर्षं वापरतात. भाभी हातात पेढ्याचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताटातला पेढा उचलताना एकीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पोटात असं दुखायला लागलं ना नौशीन," दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं पेढाच बाधला."

तिथपर्यंत ठीक होतं. पण भाभींची मुलगी संस्कृती, वीस वर्षांची, कॉलेजातून थेट छावणीला काकूकडं जायला लागली आणि घरी येऊन काकूचंच सांगायची. काकू सकाळी पिशवी घेऊन पायी बाजारात जाते, काकू एका वेळी एकच फळ आणते, सीताफळ संपेपर्यंत सीताफळ, मग पेरू. काकू थंडीत अंगणात खुर्ची टाकून उन्हात कॉफी पिते आणि त्या वेळी फोन घरात ठेवते. रविवारी काकू आणि संस्कृती सिद्धार्थ उद्यानात बाकावर बसून पेरू खायच्या, तिखट-मीठ लावून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघायच्या. घरी येऊन पोरगी आईला म्हणाली, "आई, तू कधी नुसती बसतेस का गं?"

भाभी दुकानात येऊन थान आपटत म्हणाल्या, "ती बसली तर तिला जगणं कळतं म्हणे. मी बसले असते तर हिची फी कुणी भरली असती?"

एक दिवस भाभी राखाडी साडी नेसून दुकानात आल्या. गळ्यात फक्त मंगळसूत्र, हातात दोन-दोन बांगड्या. पहिलीच गिऱ्हाईक बाई आत आली, भाभींकडं पाहून थबकली आणि हळूच म्हणाली, "अगंबाई, घरी सगळे बरे आहेत ना? कुणाचं काही झालं का?" भाभी "नाही नाही" म्हणत हसल्या. दुपारी जेवायला घरी गेल्या त्या हिरव्या साडीत परत आल्या, सगळ्या बांगड्या घालून. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

डिसेंबरात मंजुषानं त्यांना घरी जेवायला बोलावलं. भाभी गेल्या, खरं तर कपाट बघायला गेल्या. मंजुषानं उघडून दाखवलं. अर्धं कपाट रिकामं. हँगरला बारा-तेरा कपडे, त्यात एक मातकट रंगाचा लोकरीचा कोट. भाभींनी हात लावून पाहिला. असा कपडा त्यांच्या दुकानात कधी आला नव्हता.

"केवढ्याचा गं?"

मंजुषा हसली. "ताई, तुम्हालाच सांगते हं, गावाकडं आईंना सांगू नका. तिथं रविवारी जुना बाजार भरतो. त्यातला आहे. यातले निम्मे कपडे तिथलेच. नवीन घेणं परवडत नव्हतं आम्हाला. मग घरी आणून उसवायचे आणि मापाचे करायचे, शिकले हळूहळू."

भाभी "हो का" म्हणाल्या. परत येताना रिक्षात त्यांना किती हलकं वाटलं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भाभींच्या घरी तीस-पस्तीस बायका होत्या. मीही मदतीला होते. मंजुषा अजून यायची होती. एक मामेसासू म्हणाली, "रत्नमाला, तुझ्या जावेचा तो कोट बघितला. काय थाट! असं राहायला शिकवलं पाहिजे सगळ्यांना."

भाभी तिळगुळाची वाटी फिरवत होत्या. न थांबता बोलल्या, "थाट कसला मामी? तिथल्या लोकांनी टाकलेले कपडे आहेत ते. जुन्या बाजारातले. कुणाच्या अंगावरचे, मेलेल्याचेही असतील, काय सांगावं."

बायकांत कुजबुज सुरू झाली. मंजुषा आली तेव्हा बायकांनी तिच्याकडून तिळगुळ घेतला, पण दोघी-तिघी जरा अंग चोरूनच बसल्या. तिला काही कळेना. संस्कृतीला मात्र कळलं. ती दारातच उभी होती, तिनं आईचं वाक्य ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती आईशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढलं की जेवायची आणि उठून जायची.

गोष्ट चार दिवसांत वेरूळजवळच्या त्यांच्या गावी पोचली. तिथं सासूबाई राहतात, चतुराबाई. त्यांनी धाकट्या सुनेला फोन केला. काय बोलल्या ते आम्हाला पुढं कळलं.

जानेवारीच्या शेवटी शेतात हुरडा होता. सगळं घर जाणार होतं. भाभी मलाही घेऊन गेल्या. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून असेल. बांधाजवळ गोवऱ्यांची आगटी पेटली होती, भाजलेली कणसं पोत्यावर चोळली जात होती. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, सगळं मांडलेलं. तेवढ्यात विश्वजीतची गाडी आली आणि मंजुषा उतरली.

अंगावर सासूबाईंनी पाठवलेली त्यांची जुनी जांभळी पैठणी, गळ्यात त्यांचीच ठुशी आणि मोहनमाळ, हात भरून बांगड्या. उन्हाचा कपाळावर घाम. पदर सांभाळता सांभाळता ती ढेकळातून चालत आली, दोनदा अडखळली. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता.

चतुराबाई खुश झाल्या. "आता कशी माझी सून दिसती! लई दिवस वाट बघितली. ते मेल्याचे कपडे दिले ना टाकून?"

"व्हय आई," मंजुषा खाली बघत म्हणाली. "बांधून ठेवलेत."

बायका म्हणाल्या, छान दिसतेस, भरल्यासारखी दिसतेस. संस्कृती उठली आणि काकूच्या शेजारी जाऊन बसली. तिनं आईकडं एकदाच पाहिलं.

मला वाटलं, भाभींच्या मनासारखं झालं. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांच्या हातातला हुरडा तसाच. त्या टक लावून मंजुषाच्या घसरणाऱ्या खांद्याकडं बघत होत्या. मग हात झटकून उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आई, हिला हे शोभत नाही."

"काय म्हणतीस?"

"नाय शोभत. ब्लाउज मापाचा नाही, रंग तिचा नाही. आणि ते कपडे मेल्याबिल्याचे नाहीत. ते मी बोलले. मला काही माहीत नव्हतं, तरी बोलले." त्यांनी मंजुषाकडं बोट केलं. "जळत होते मी हिच्यावर. सप्टेंबरपासून जळतेय."

चतुराबाई म्हणाल्या, "आगं बाई, हे काय बोलणं चारचौघांत?" आणि पोत्यावरचा हुरडा उगाच गोळा करायला लागल्या.

मंजुषा उठून विहिरीकडं गेली. भाभी तिच्यामागं गेल्या आणि मला हात धरून घेऊन गेल्या. एकटीनं जायची हिंमत नव्हती.

मंजुषा विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, "मला माहीत होतं ताई. तुमच्याशिवाय कुणाला सांगितलंच नव्हतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्हाला वाटतं मी तिथं मजेत होते. पहिलं वर्षभर माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. विश्वजीत सकाळी जायचे ते रात्री यायचे. मला भाषा येईना. बाजारात एक भाजीवाली होती, ती रोज नमस्कार करायची, म्हणून मी रोज भाजीला जायचे. एकदम आणली असती तर दुसऱ्या दिवशी जायला कारण उरलं नसतं. एकेक सफरचंद, एकेक नाशपाती. बाकावर बसायचे कारण घरात बसवत नव्हतं. संस्कृतीला ते सगळं भारी वाटतं. मला सवय लागलीय, दुसरं काय."

मला वाटलं आता भाभी तिला जवळ घेतील. त्यांनी कठड्यावरचा खडा उचलून विहिरीत टाकला. मग म्हणाल्या, "खरं सांगू? राग मानू नकोस. मला याचाही हेवा वाटतोय."

"कशाचा?"

"वर्षभर तुला कुणी हाक मारली नाही. मला लग्न झाल्यापासून एक दिवस असा मिळाला नाही."

मंजुषानं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं चिडेल. ती हसली, पण ते हसू पूर्ण नव्हतं. "तुम्ही कमाल आहात ताई," एवढंच म्हणाली आणि पदर खोचून परत आगटीकडं गेली.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. महिनाभर मंजुषा दुकानाकडं फिरकली नाही. संस्कृती बोलायला लागली, पण कामापुरतं. मार्चमध्ये एक दिवस मंजुषा आली, तोच पांढरा सदरा घालून. पिशवीतून दौलताबादची अंजिरं काढली, तीनच. एक भाभींना दिलं, एक मला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. भाभी त्या बाईला म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा ताई." मी सोळा वर्षांत त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. आम्ही तिघी ओट्यावर बसून अंजीर खाल्लं. भाभींनी दोन घासांत संपवलं, मंजुषाचं अजून अर्धं होतं. भाभी तिच्या हाताकडं बघत राहिल्या.

मेमध्ये विश्वजीतची बदली चेन्नईला झाली. सामान भरताना भाभी दोन दिवस छावणीत होत्या. निघायच्या दिवशी त्या एवढ्या रडल्या की चतुराबाईंनी त्यांना पाणी पाजलं. संस्कृतीनं आईचे आणि काकूचे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींनी दुकानाचं शटर उघडलं, देवाला उदबत्ती लावली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बरं झालं बाई गेली. जीव शांत झाला."

मी साडीची घडी उलगडत होते. "काल तर गाडी सोडत नव्हतात," मी म्हणाले.

"दोन्ही खरं आहे," भाभी म्हणाल्या आणि गिऱ्हाइकासाठी मोतिया रंगाचं थान खाली ओढलं.